कोणता गेम पुन्हा कोऱ्या डोक्याने खेळायचाय?

प्रश्न: 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) हा अंतराळात भटकायचा गेम संपवला आणि आता काहीच गोड लागेना. परत सुरू करून पाहिला, पण छे! त्यात ना नवी शस्त्रं मिळतात, ना ताकद वाढते. २२ मिनिटांनी सूर्य फुटतो, आपण पुन्हा शेकोटीपाशी जागे होतो आणि सोबत उरतं ते फक्त आधी कळलेलं. तेच आता डोक्यातून जात नाहीये. तुमचा असा गेम कुठला? शेवट फोडू नका, प्लीज.

उत्तर: डोळे झाकून 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं. नावं क्वचितच ऐकू येतात. खलाशी झोपतात त्या टांगत्या झोळ्यांवरचे नंबर, बोलण्याचा हेल, कोण कोणाशेजारी उभा आहे, यावरून ठरवायचं. तिघांचं बरोबर जुळलं की मगच गेम होकार देतो, म्हणजे तुक्के मारून फारसं भागत नाही. झोळीतून बाहेर आलेल्या पायांतल्या बुटांवरून मी एक खलाशी ओळखला, तेव्हा खुर्चीतून उठलोच.

उत्तर: समुद्राखालचा 'सबनॉटिका'. त्यातला रीपर नावाचा राक्षसी जलचर कुठे फिरतो ते पाठ झालंय, भीती गेली. भीतीच तर हवी होती ना राव!

उत्तर: 'पोर्टल'. एवढंच.

प्रश्नकर्ता: ओब्रा डिन घेतोय. आणि कोणी विचारायच्या आत सांगतो, 'आउटर वाइल्ड्स'चा जोडभाग 'इकोज ऑफ द आय' अजून खेळलो नाहीये. मुद्दाम राखून ठेवलंय.