मदत हवी आहे : स्वयंसेवकांच्या सत्कारासाठी नावे कशी निवडावीत? (नाशिक)

इंदिरानगरकर

नमस्कार. येत्या ५ डिसेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनी, शहरात निरपेक्षपणे काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा सत्कार करायचा आणि ते ज्या संस्थांसाठी राबतात त्या संस्थांना थोडी रक्कम द्यायची, असे आमच्या मंडळाने ठरवले आहे. नावे मागवली तेव्हा दहा-बारा येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात ३४ आली आणि आमची तयारी ११ जणांची आहे. समितीच्या तीन बैठका झाल्या, तिन्ही नावांवरच अडल्या. त्यातच, रुग्णांच्या नातेवाइकांना रोज संध्याकाळी जेवण देणाऱ्या एका गटाने कळवले आहे की आमच्यातल्या एकीचेच नाव घेणार असाल तर कोणाचेच घेऊ नका. स्मृतिचिन्हांवर नावे कोरायची असल्यामुळे शुक्रवारपर्यंत यादी द्यावी लागेल. निवडीचे निकष काय असावेत, हे ज्यांनी असे कार्यक्रम केले आहेत त्यांनी कृपया लवकर सांगावे. शाल-श्रीफळ द्यावे की नाही, हा माझा प्रश्न नाही.

गंगाकाठची

निकष सांगण्यापूर्वी काही गोष्टी समजायला हव्यात. ही ३४ नावे कोणी सुचवली : संस्थांनी, शेजाऱ्यांनी, की ज्याची त्याने स्वतः? कामे कोणत्या प्रकारची आहेत? समितीतल्या कोणाचे नातेवाईक यादीत आहेत का? आणि संस्थांना द्यायची रक्कम कुठून येणार आहे? यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही आणि उत्तर मात्र शुक्रवारच्या आत हवे आहे.

सातपूरचा कामगार

आपण विचारले नाही तरी सांगतो, कारण हे कोणीतरी सांगायलाच हवे. मी २२ वर्षे कामगार वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. माझ्या घरी आजवर मिळालेल्या नऊ शाली आणि स्मृतिचिन्हांनी भरलेले एक फडताळ आहे. मान मिळाल्याचा आनंद आहेच, तो मी नाकारत नाही. पण अभ्यासिकेत दोन ट्यूबलाइट बंद होत्या तेव्हा त्या बदलायला पैसे नव्हते आणि त्याच आठवड्यात एका सत्कारात मला मोठी काचेची चौकट मिळाली. ज्याचा सत्कार करायचा आहे त्याला आधी विचारा की तुमच्या कामाच्या जागी सध्या काय कमी पडते आहे, आणि तीच वस्तू व्यासपीठावर त्याच्या हाती द्या.

इंदिरानगरकर

स्मृतिचिन्हांची आगाऊ रक्कम देऊन झाली आहे, त्यामुळे तो विषय कृपया वाढवू नये. बाकीचे सांगतो. सुमारे निम्मी नावे लोकांनी स्वतः दिलेली आहेत, उरलेली संस्थांनी आणि रहिवाशांनी. १२ रक्तदाते आहेत, ६ जण अंध विद्यार्थ्यांचे लेखनिक आहेत, ५ जण गोदाघाटावर निर्माल्य आणि मूर्ती संकलनाचे काम करतात. राहिलेले जेवण, अभ्यासिका, बालगृह आणि वृद्धाश्रम यांच्याशी संबंधित आहेत. दोन नावे समितीतल्या सदस्यांच्या घरातली आहेत, पण त्यांचे काम खरे आहे. पैसे गणेशोत्सवातल्या शिल्लक वर्गणीतले आहेत. प्रत्येक संस्थेच्या कामाची चित्रफीतही दाखवणार आहोत, तिच्यासाठी छायाचित्रे मागवली आहेत. आता तरी निकष सांगा.

हिशेबनीस

निकषांच्या आधी पैशांचे बोलू, कारण ‘शिल्लक वर्गणी’ हे दोन शब्द आपण सहज लिहून गेलात आणि खरी अडचण तिथेच आहे. आपले मंडळ न्यास म्हणून नोंदलेले आहे का? नसेल तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी आपण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली परवानगी घेतलेली असणार. तसे असेल तर उत्सवाचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला सादर करणे ही आपली जबाबदारी आहे आणि शिलकीचा विनियोग त्या हिशेबाशी जुळायला हवा. वर्गणी देणाऱ्यांनी ती उत्सवासाठी दिली होती. ती दुसऱ्या संस्थांकडे वळवायची तर निदान सभेचा ठराव, इतिवृत्तात नोंद आणि वर्गणीदारांना सूचना एवढे तरी हवेच. एखाद्या सनदी लेखापालाला अर्धा तास भेटा.

दुसरे असे की रक्कम स्वयंसेवकाच्या हातात देऊ नका. संस्थेच्या नावाचा रेखांकित धनादेश द्या आणि पावती घ्या. संस्था संस्था-नोंदणी अधिनियम, १८६० आणि विश्वस्तव्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली नोंदलेली असेल तर तिच्या पावतीवर किंवा पत्रशीर्षावर दोन क्रमांक दिसतील. त्यांतला न्यासाचा क्रमांक बहुधा ‘एफ’ने सुरू होतो. तो धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. जेवण देणारा गट नोंदलेला नसण्याची शक्यता आहे. तसे असल्यास रोख रकमेऐवजी तांदूळ, डाळ, तेल असा शिधा द्या आणि दुकानाचे बिल आपल्या दप्तरी ठेवा.

कार्यक्रमात उपस्थितांनाही देणगीचे आवाहन करणार असाल तर एक सूचना. देणगीवरची आयकरातली वजावट (जिला सगळे ८०जी म्हणतात) २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर मिळत नाही आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यांना ती मुळीच मिळत नाही. व्यासपीठावरून ‘करसवलत मिळेल’ असे सरसकट जाहीर करू नका.

गंगाकाठची

आता निकषांविषयी लिहिते, कारण आमच्याकडून झालेली चूक तुमच्याकडून होऊ नये असे मनापासून वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली आणि पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या दुकानांत नि घरांत गुडघाभर गाळ उरला. पुढे आम्ही मदत करणाऱ्यांचा सत्कार केला. नावे निवडताना आमच्यासमोर छायाचित्रे होती, त्यामुळे पहिल्या दिवशी पाण्यात उभे राहिलेले सगळे तरुण यादीत आले. चौथ्या-पाचव्या दिवशी, कोणीही छायाचित्र काढायला नसताना, फावडी आणि घमेली घेऊन एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातला गाळ उपसणारे तिघे मात्र सुटले. त्या आजींनी कार्यक्रमानंतर मला विचारले, ‘माझी मुले कुठे आहेत यात?’ मला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक नावासाठी संस्थेला एकच प्रश्न विचारते : हा माणूस ठरलेल्या दिवशी आला नाही तर त्या दिवशी काय अडते? ज्याच्या बाबतीत लगेच आणि नेमके उत्तर मिळते, ते नाव राहते. ‘फार मोठे कार्य आहे’ असे मोघम उत्तर आले तर ते नाव बाजूला ठेवते. आणि शक्य असेल तिथे, ज्यांच्यासाठी काम होते त्यांच्यापैकी एकाशी तरी बोलते. स्वतः पाठवलेली नावे मी लगेच वगळणार नाही, कारण कित्येकांचे नाव सुचवणारे कोणी नसते. पण चौकशी सगळ्यांची सारखीच व्हावी. समितीच्या घरातली दोन नावे यंदा बाजूला ठेवा. त्यांचे काम खरे असेल तर त्यांचेही म्हणणे हेच असेल.

रक्तदाता ५८

बारा रक्तदात्यांपैकी ज्यांनी आकडे दिले आहेत ते हिशेब करून तपासा. पुरुषाने दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते, आणि वयाच्या १८ व्या वर्षाआधी रक्तदान करता येत नाही. म्हणजे पुरुष वर्षाला फार तर चार वेळा आणि स्त्री तीन वेळा रक्त देऊ शकते. कोणी ३५ वर्षांचा गृहस्थ १०० वेळा रक्तदान केल्याचे सांगत असेल तर एकही पाळी न चुकवता त्याचा आकडा ७० च्या आतच राहील. रक्तपेढीची प्रमाणपत्रे मागा. रोख किंवा किमती वस्तू मात्र रक्तदात्याला देऊ नका. ऐच्छिक रक्तदान मोबदल्याविना व्हावे हे तत्त्व आहे. प्रमाणपत्र आणि बिल्ला पुरेसा आहे.

नाशिकरोडची परिचारिका

रक्तदाता ५८, आपला हिशेब संपूर्ण रक्ताच्या दानाचा आहे. प्लेटलेट्सदानात रक्तातले इतर घटक यंत्रातून परत शरीरात सोडले जातात, त्यामुळे ४८ तासांच्या अंतराने पुन्हा देता येते आणि वर्षाला २४ वेळांपर्यंत परवानगी असते. मध्यरात्री रक्तपेढीचा फोन गेल्यावर अंगावर स्वेटर चढवून येणारे आणि त्या यंत्राजवळ तास-दीड तास पडून राहणारे दाते मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याचा आकडा मोठा दिसला म्हणून त्याला खोटे ठरवू नका, प्रमाणपत्रावर दानाचा प्रकार पाहा.

रक्तदाता ५८

मान्य आहे, तो प्रकार माझ्या लक्षात आला नाही. तरीही आकड्यावरून क्रम लावू नये या मतावर मी ठाम आहे. मधुमेहामुळे किंवा हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे ज्याला रक्त देता येत नाही, पण जो वीस वर्षे शिबिरांच्या खुर्च्या मांडतो, त्याचा आकडा शून्यच राहणार.

निवृत्त शिक्षिका, कॉलेज रोड

मी स्वतः अकरा वर्षे लेखनिक म्हणून जात होते, म्हणून त्या सहा नावांविषयी लिहिते. विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याची शैक्षणिक पात्रता विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली असावी असा २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांचा दंडक होता. त्यामुळे पदवीच्या परीक्षांना बहुतेक वेळा अकरावी-बारावीची मुले लागत आली आहेत. ही मुले स्वतःची शिकवणी बुडवून येतात. परीक्षार्थीला तासाला २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो आणि तेवढा वेळ मुलांना मान खाली घालून लिहावे लागते. एका पेपरच्या वेळी माझा विद्यार्थी उत्तर सांगता सांगता थांबला आणि म्हणाला, ‘बाई, मागच्या परिच्छेदात मी कारणे तीन म्हणालो होतो की चार?’ मी तो परिच्छेद हळू आवाजात पुन्हा वाचला. त्याने चौथे कारण सांगितले, पण शब्दरचना सदोष होती. ती सुधारण्याचा मोह मला आवरावा लागला, कारण पेपर त्याचा होता. लेखनिकाची खरी परीक्षा तिथे असते आणि ती बाहेर कोणालाच दिसत नाही.

या सहा जणांत विद्यार्थी असतील तर कार्यक्रमाचा दिवस त्यांच्या परीक्षेत येत नाही ना, एवढे पाहा. मानपत्र ब्रेल लिपीतही करून घ्या, म्हणजे हे लेखनिक ज्या विद्यार्थ्यांसाठी लिहितात त्यांना स्वतःलाच ते सभेत वाचता येईल.

पंचवटीकर

सभागृह ठरले आहे का, हे आपण लिहिले नाही. महाकवी कालिदास कलामंदिर एवढ्या कार्यक्रमाला फार मोठे पडेल. सार्वजनिक वाचनालयाच्या औरंगाबादकर सभागृहाची चौकशी करावी. १८४० सालापासूनच्या संस्थेच्या वास्तूत असा कार्यक्रम शोभून दिसेल.

मानपत्राचा मजकूरही विचारपूर्वक लिहा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांची नावे आपण घेतो, पण दिवसामागून दिवस मंदिराच्या दारांशी उभे राहिलेल्या सत्याग्रहींपैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? ‘समाजकार्यातील उल्लेखनीय योगदानाबद्दल’ असे छापील वाक्य लिहू नका. कोणते काम, कुठे, किती वर्षे, हे लिहा. वाचनालयात त्याची एक प्रत ठेवायला द्या.

आणि दरवर्षी ११ नावे शोधायची सक्ती स्वतःवर घालू नका. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा गोदावरी गौरव पुरस्कारसुद्धा एक वर्षाआड दिला जातो.

बालकल्याणात काम करणारी

सभागृहाची चर्चा पुढे नेण्यापूर्वी ती चित्रफीत थांबवा. बालगृहातल्या मुलांचे छायाचित्र, नाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. चेहरे अस्पष्ट केले तरी गणवेश आणि इमारत यांवरून ओळख पटते. स्वयंसेविकेने मुलांसाठी शिवलेल्या गोधड्यांचे किंवा तिच्या हातांचे छायाचित्र दाखवा. संस्थेने छायाचित्रे दिली असतील तर तिच्याही ते लक्षात आणून द्या.

सातपूरचा कामगार

जेवण देणाऱ्या गटाच्या म्हणण्याकडे अजून कोणी वळलेले नाही. त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. एक जण पोळ्या लाटते, एक जण भाजी चिरते, एक जण रिक्षा चालवून डबे पोचवतो; यांतल्या कोणाचे नाव वगळणार? मानपत्र गटाच्या नावाने द्या आणि त्यात सगळ्यांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा. त्यासाठी एक जागा खर्च झाली तरी चालेल.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. सुरुवातीला मी घाईत होतो, पण आपण विचारलेल्या प्रश्नांमुळे बऱ्याच गोष्टी सुटल्या. मंडळ नोंदलेले नाही. ४१क खालची परवानगी होती, हिशेब मात्र अजून सादर झालेला नाही. सोमवारी खजिनदारांसोबत लेखापालांकडे जात आहे. तोवर संस्थांच्या रकमा थांबवल्या आहेत आणि चित्रफीतही. समितीच्या घरातली दोन्ही नावे त्या घरच्यांनीच मागे घेतली. रक्तदात्यांची प्रमाणपत्रे मागवली आहेत. स्मृतिचिन्हांचे पैसे अडकलेले आहेत, पण कारागिराने नावांसाठी आणखी आठ दिवस थांबायचे कबूल केले आहे.

काल संध्याकाळी जेवण देणाऱ्या गटाकडे स्वतः गेलो. सहा वाजता वाढायला सुरुवात होते, त्याआधी दोन तास स्वयंपाक चालतो. खिचडीचे मोठे पातेले दोघी फडक्यांत धरून उतरवत होत्या, तेव्हा बोलायला कोणालाच सवड नव्हती. सातनंतर त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर काकूंना मी सामुदायिक मानपत्राचे सांगितले. त्यांना ते पटले. मग त्यांनी कार्यक्रमाची वेळ विचारली. मी पाच वाजता म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘पाचला आम्ही आलो तर इथे वाढणार कोण?’

‘हा माणूस आला नाही तर काय अडते’ हा प्रश्न मला त्यांना विचारावाच लागला नाही. कार्यक्रम सकाळी ११ वाजता घ्यायचे समितीला कळवले आहे. अभ्यासिका आणि वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांपैकी ज्यांना सकाळी नोकरीमुळे येता येणार नाही त्यांचे काय करावे, हे कोणी सुचवू शकेल का?

गंगाकाठची

त्यांच्याकडे आदल्या दिवशी समितीने जावे, त्यांच्या कामाच्या जागी आणि त्यांच्या सवडीच्या वेळी. मानपत्र तिथेच वाचून दाखवावे. वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांनाही मग ते ऐकता येईल.