मदत हवी आहे: व्हाल थोरान्स की झर्माट? आजच ठरवायचंय

घाईत_आहे
मंडळी, पटकन सांगा. फेब्रुवारीत स्कीइंगला जायचंय, सगळेच पहिल्यांदा. नवरा म्हणतो फ्रान्सचं व्हाल थोरान्स, युरोपातलं सगळ्यात उंचावरचं रिसॉर्ट, २३०० मीटर, बर्फाची खात्री. मैत्रीण म्हणते स्वित्झर्लंडचं झर्माटच. व्हाल थोरान्सचं अपार्टमेंट होल्डवर टाकलंय ते आज रात्रीपर्यंतच. रिव्ह्यू वाचून वाचून डोकं उठलंय.

तिरकस_तात्या
कुठून निघणार, किती जण, मुलं आहेत का, कुठला आठवडा? एवढं तरी लिहा. इथे कोणी ज्योतिषी बसलेला नाही.

गुलमर्गप्रेमी
युरोपात कशाला पैसे उधळता? गुलमर्ग २६५० मीटरवर आहे, म्हणजे तुमच्या थोरान्सच्याही वर. मास्तर हिंदीत शिकवतो. मी तिथेच शिकलो.

घाईत_आहे
अहो आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो, गुलमर्ग कुठे काढलंत! गाडीने जाणार, शाळेच्या सुट्टीत. मुलगी ६ वर्षांची.

म्युनिकची_माई
अपार्टमेंट राहू दे, आधी पोरीचं स्की स्कूल बघ. फ्रान्सच्या शाळांना फेब्रुवारी-मार्चमध्ये झोनप्रमाणे आलटूनपालटून सुट्ट्या असतात, त्यामुळे जवळजवळ महिनाभर मरणाची गर्दी, लहान मुलांचे ग्रुप आधीच भरतात. क्लास नाही मिळाला तर तिला दोन पायांत धरून उतारावरून तूच नेत बसशील, कंबरेची पार वाट लागते. बाकी व्हाल थोरान्स नवख्यांना चांगलं, दाराबाहेर पडलं की स्की घालायचे. पण तिथे झाडं नाहीत. ढग खाली आले की सगळं पांढरं, पुढे उतार आहे का चढ तेसुद्धा कळत नाही.

तिरकस_तात्या
झाडांचं काय घेऊन बसलात. व्हाल थोरान्स धरून लिफ्टने जोडलेल्या तीन दऱ्या आहेत, मिळून ६०० किलोमीटर उतार. वर खराब असेल तर खाली शेजारच्या दरीत मेरिबेलच्या झाडीत जायचं.

म्युनिकची_माई
पहिल्यांदा स्की घालणारी माणसं मेरिबेलला उतरणार? आणि लिफ्ट बंद झाल्यावर परत कशी येणार, टॅक्सीने? यांना हिरवे-निळे, म्हणजे सोपे उतार सोडून कुठे जायचं नाहीये. उलट तीन दऱ्यांचा महागडा पास घेऊच नका, नुसता व्हाल थोरान्सचा घ्या.

घाईत_आहे
बरं. आणि हो, आईबाबा पण आहेत बरोबर, नाशिकहून येतायत. ते स्की नाही करणार. बाबांना बीपी आहे.

तिरकस_तात्या
हे आत्ता सांगताय??

बर्फी
मग सगळं गणितच बदललं. २३०० वर नुसतं चढायचं नाहीये, आठवडाभर झोपायचंय तिथे. पहिल्या एकदोन रात्री धडधाकट माणसाचंही डोकं दुखतं, झोप लागत नाही. बाबांच्या डॉक्टरांना आजच फोन करा. झर्माट गाव १६०० मीटरवर आहे. गोरनरग्राटची दातेरी रेल्वे आजीआजोबांना ३०८९ मीटरवर नेते, समोर मॅटरहॉर्न शिखर, बरं नाही वाटलं तर पुढच्या गाडीने खाली. ३८८३ मीटरला जाणारी केबलकार मात्र पहिल्याच दिवशी नको. खर्च जास्त येईल, आणि गाडी अलीकडच्या टेश गावात ठेवून ट्रेनने जावं लागेल, गावात गाड्या नेऊ देत नाहीत.

व्हिसाबाबा
आईबाबांच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो.

घाईत_आहे
व्हिसा झालाय हो, कुणी विचारलं!

व्हिसाबाबा
पुढच्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. आणि तुमच्या विम्यात स्कीइंग आहे का ते बघा. फ्रान्समध्ये उतारावरून स्ट्रेचरने खाली आणलं तर त्याचं बिल येतं. लिफ्टच्या पासबरोबर दिवसाच्या हिशेबाने विमा मिळतो, तो घ्या.

टायरवाला
फ्रान्सला गेलात तर विंटर टायर नाहीतर चाकांना लावायची चेन, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च तिकडच्या डोंगरात सक्ती आहे. चेन घरासमोर एकदा लावून बघा, बर्फात अंधारात कळत नाही कुठलं टोक कुठे.

साबुदाणावडा
जेवणाचं काय ठरलंय? २३०० मीटरवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. कुकर न्याच.

तिरकस_तात्या
आठवडाभर चीज खाल्लं तर काही बिघडतं का? आल्प्समध्ये जाऊन वरणभात!

साबुदाणावडा
तुम्ही खा चीज. ६ वर्षांची पोर आणि आजीआजोबा थंडीतून आल्यावर गरम वरणभातच मागतात.

घाईत_आहे
आईचं तेच चाललंय सकाळपासून. बाबांचे डॉक्टर संध्याकाळी ७ नंतर भेटतील. दरम्यान झर्माटला एक अपार्टमेंट दिसलंय, महाग आहे पण मुलांच्या क्लासला जागा आहेत. किचनमध्ये इंडक्शन लिहिलंय, आमचा कुकर चालेल का?

गुलमर्गप्रेमी
गुलमर्गला राजमा-चावल मिळतो.

तिरकस_तात्या
कुकरच्या बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर चालेल.