चर्चा: होस्टच्या स्टोरेज अडॅप्टरवर रोज नजर हवी, की तक्रार आल्यावरच?

तापीकाठ (जळगाव)

आपल्या खान्देशात पतसंस्था, डाळ मिल, जिनिंग, दवाखाने असे सगळीकडे आता दोन-तीन होस्टची (होस्ट म्हणजे एकाच वेळी अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा सर्व्हर) व्हर्च्युअल मांडणी दिसते. सिस्टीम स्लो झाली की इलाज ठरलेला असतो: रॅम वाढवा, नाहीतर एसएसडी टाका. होस्टच्या स्टोरेज अडॅप्टरचे आकडे रोज नोंदलेले नसतील तर हा खर्च अंदाजपंचे होतो, असं माझं ठाम मत आहे. अडॅप्टर म्हणजे होस्टला डिस्कशी जोडणारा भाग: रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं), फायबर चॅनलचं एचबीए (बाहेरच्या स्टोरेजला जोडणारं कार्ड) किंवा सॉफ्टवेअर आयस्कझी (नेटवर्कच्या तारेवरून स्टोरेज), जे असेल ते.

ईएसएक्सआयवर (होस्टवर चालणारी व्हीएमवेअरची प्रणाली) ईएसएक्सटॉप (तिचं आकडे दाखवणारं साधन) उघडून 'डी' दाबलं की अडॅप्टरचा पडदा येतो. 'एफ'ने लेटन्सीचे (कमांडला, म्हणजे वाचन-लिखाणाच्या एका मागणीला, लागणाऱ्या वेळेचे) रकाने चालू करायचे. डीएव्हीजी म्हणजे कमांड होस्टच्या बाहेर पडल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ. केएव्हीजी म्हणजे होस्टच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) गेलेला वेळ, रांगेतली वाट (क्यूएव्हीजी) त्यातच धरलेली. दोन्हींची बेरीज जीएव्हीजी. फिरत्या डिस्कवर डीएव्हीजी 20-25 मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला तर दोष डिस्क, केबल किंवा स्विचकडे शोधायचा. केएव्हीजी 2 च्या वर टिकला तर होस्टमध्येच रांग तुंबली आहे. तिथे नवीन डिस्क घेऊन काहीही फरक पडत नाही. एवढी एक फोड पाहिली तरी फोन कुणाला करायचा ते ठरतं.

आणि "व्हीसेंटरमध्ये आलेख आहेच की" म्हणणाऱ्यांसाठी (व्हीसेंटर म्हणजे सगळे होस्ट एकत्र सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर): 20 सेकंदांचे नमुने तासभरच राहतात. पुढे 5 मिनिटांची सरासरी दिवसभर, 30 मिनिटांची आठवडाभर, 2 तासांची महिनाभर. डे-एंडच्या (दिवसाचा हिशोब बंद करण्याच्या) वेळी 40 सेकंद लेटन्सी 300 मिलिसेकंद झाली, बाकी वेळ 3 होती, तर अर्ध्या तासाच्या सरासरीत ती साडेनऊच्या आसपास दिसणार. काउंटरवर लोक खोळंबले होते आणि आलेख म्हणतो सगळं ठीक! शिवाय सांख्यिकीची पातळी (किती तपशील साठवायचा ते सेटिंग) मूळच्या 1 वर असेल तर कर्नलची लेटन्सी इतिहासात साठतच नाही.

अवधानकर (धुळे)

तापीकाठ भाऊ, आकड्यांचे अर्थ बरोबर सांगितले, पण निष्कर्ष मला पटत नाही. दोन होस्टच्या जागी आयटीचा माणूस एकच असतो, तोच प्रिंटर बघतो, तोच सीसीटीव्ही. तो रोज ईएसएक्सटॉप उघडून बसणार नाही. त्याला एकच अलार्म हवा, तोही व्हीएमच्या लेटन्सीवर, कारण ग्राहकाला जाणवते ती तीच.

दुसरं म्हणजे अडॅप्टरचा आकडा सगळ्या लनांची (लन म्हणजे स्टोरेजने होस्टला डिस्क म्हणून दिलेला भाग) खिचडी असतो. एका जलद लनवर सेकंदाला 5,000 कमांड 1 मिलिसेकंदात आणि दुसऱ्या आजारी लनवर 100 कमांड 80 मिलिसेकंदांत होत असतील, तर अडॅप्टरची सरासरी अडीचच येते. आजारी लन झाकलं गेलं. म्हणून 'डी' नव्हे, 'यू' दाबून डिव्हाइसचा पडदा बघा.

तिसरी गोष्ट, कमांडचा आकार न बघता 25 चा दंडक लावणं चूकच आहे. 1 गिगाबिटच्या आयस्कझीतून व्यवहारात सेकंदाला साधारण 117 एमबी जातात. बॅकअप 512 केबीच्या कमांड टाकतो, म्हणजे एक कमांड तारेवरच साडेचार मिलिसेकंद घेते. अशा 32 एकाच वेळी चालू असल्या की डीएव्हीजी 140 च्या पुढे दिसणार, आणि डिस्क मात्र ठणठणीत! रात्री 2 वाजता अलार्म वाजवून माणसाला उठवण्यात काय हशील? सेकंदाला वाचलेले एमबी भागिले सेकंदाच्या वाचन कमांड, एवढा भागाकार आधी करा. आकार 8 केबीच्या आसपास असेल तरच 25 ची काळजी करा.

तापीकाठ (जळगाव)

आकाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण फक्त डिव्हाइसचा पडदा पाहिला की सामाईक रांग नजरेआड होते. 'यू'वर दिसते ती डीक्यूएलईएन, त्या एका लनची रांग. 'डी'वर दिसते ती एक्यूएलईएन, सगळ्या लनांची मिळून. फायबरच्या एचबीएवर ही मोठी असते, तिथे सहसा अडत नाही. आपल्याकडे अडतं ते मदरबोर्डच्या साटा पोर्टवर किंवा स्वस्त रेड कार्डावर. साटाची रांग प्रत्येक डिस्कमागे 32 पर्यंतच जाते. जुन्या साध्या रेड कार्डांत तर अख्ख्या कार्डाची रांग 25 असायची. त्यावर टॅली, एसक्यूएल, फाइल सर्व्हर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकत्र चढवलं की कुठलंही एक लन दोषी दिसत नाही, तरी सगळेच रांगेत उभे असतात.

दीपनगर_वाट (भुसावळ)

दोघंही लेटन्सीच्या मागे लागलात. आपल्या भागात आधी कार्डाची तब्येत बघायची असते, लेटन्सी त्याची सावली आहे.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या वर जातो. सर्व्हरला आत येणारी हवा 18 ते 27 अंशांत असावी असा उद्योगाचा संकेत आहे. इथे ऑफिस बंद करताना एसी बंद करून जातात आणि रात्रभर सर्व्हर त्या कोंडलेल्या खोलीत चालतो. रेड कार्डाच्या चिपला मिनिटाला 200 फुटांच्या वेगाने वाऱ्याचा झोत लागतो. रॅक सर्व्हरमध्ये तो मिळतो, जुळवलेल्या टॉवरमध्ये मिळत नाही. उष्णतेने कॅशची (कार्डाच्या तात्पुरत्या मेमरीची) लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. बॅटरी निकामी झाली की कार्ड आपणहून राइट-बॅक (लिखाण आधी कॅशमध्ये घेणं) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिणं) जातं. कुठलाही दिवा पेटलेला दिसत नाही, सिस्टीम चालूच राहते.

आता हिशोब पाहा. 7200 आरपीएमच्या 8 डिस्क, प्रत्येकी साधारण 75 आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लिखाणाची कामं), म्हणजे 600. रेड 5 (डिस्क एकत्र जोडण्याची एक पद्धत) मध्ये एका छोट्या लिखाणामागे 4 कामं, म्हणून लिखाणाला उरतात 150. रेड 10 असतं तर 300. कॅश चालू असताना ही मर्यादा झाकलेली असते, कारण लिखाण मेमरीत पडताच कार्ड "झालं" म्हणून कळवतं. बॅटरी गेली की उघडी पडते आणि 1 मिलिसेकंदाचं लिखाण 15-20 वर जातं.

म्हणून आठवड्यातून एकदा स्टोरसीएलआयने (रेड कार्डाची स्थिती दाखवणारं साधन) व्हर्च्युअल ड्राइव्हची यादी काढा. कॅशच्या रकान्यात 'डब्ल्यूबी' (राइट-बॅक) असेल तर ठीक, 'डब्ल्यूटी' (राइट-थ्रू) दिसलं तर लगेच बॅटरी किंवा कॅशव्हॉल्टची (बॅटरीऐवजी कॅश राखणारा भाग) स्थिती बघा. आणि कृपा करून 'ऑलवेज राइट-बॅक' (बॅटरी नसतानाही राइट-बॅक) लावून मोकळं होऊ नका. भारनियमनात जनरेटर लागायला उशीर झाला आणि यूपीएसने दम सोडला, तर कॅशमधला डेटा गेला. पतसंस्थेच्या खातेवहीत अर्धवट नोंद राहणं हे सिस्टीम स्लो असण्यापेक्षा कितीतरी वाईट.

शिरपूर_फाटा

एवढी चर्चा कशाला भो? क्यू डेप्थ (रांगेची लांबी) 32 वरून 256 करा, केएव्हीजी शून्यावर येतो. विषय मिटला.

अमळनेर_एसक्यूएल

शिरपूर दादा, केएव्हीजी खाली येईल हे खरं, पण तेवढाच वेळ डीएव्हीजीत जाऊन बसेल. जीएव्हीजी जागच्या जागी. गणित साधं आहे: आयओपीएस म्हणजे रांगेतल्या कमांड भागिले लेटन्सी. 32 कमांड आणि 1 मिलिसेकंद असेल तर 32,000 आयओपीएस मिळतात, 10 मिलिसेकंदांना 3,200. स्टोरेज 3,200 च्या वर जाणारच नसेल, तर 256 कमांड ढकलल्यावर लेटन्सी 80 मिलिसेकंद होते. गर्दी होस्टच्या दारातून उचलून स्टोरेजच्या दारात नेली, एवढंच.

सामाईक स्टोरेज असेल तर धोका जास्त. 4 होस्ट, 8 लन, प्रत्येकी 64 ची रांग म्हणजे 2,048 कमांड. स्टोरेजच्या पोर्टची मर्यादा तेवढीच असेल तर तुम्ही काठावर आहात. 256 केलं तर चौपट. मग स्टोरेज 'टास्क सेट फुल' म्हणून कमांड परत पाठवायला लागतं. व्हीएमकर्नल लॉगमध्ये (ईएसएक्सआयची नोंदवही) हे 'डी:0एक्स28' म्हणून दिसतं आणि स्टोरेज नुसतं बिझी असेल तर 'डी:0एक्स8'. शोधायचे ते हे.

आणखी एक अडसर राहतो. एका लनवर दोन किंवा जास्त व्हीएम चालू असतील तर ईएसएक्सआय त्या लनला मूळ सेटिंगमध्ये 32 च कमांड देतो, एचबीएची रांग कितीही असो. ही मर्यादा ईएसएक्सआय 5.5 पासून प्रत्येक डिव्हाइसला वेगळी बदलता येते. ड्रायव्हरची रांग मात्र मॉड्यूलच्या पॅरामीटरमधून बदलते आणि होस्ट रीबूट करावा लागतो. एकच बदलून दुसरं विसरलं की "काही फरक पडला नाही" असं म्हणायची वेळ येते. रांग वाढवायची ती एकाच स्थितीत: डीएव्हीजी कमी आहे, केएव्हीजी वाढलेला आहे आणि डिव्हाइसच्या पडद्यावर क्यूयूईडी (रांगेत थांबलेल्या कमांड) सतत शून्याच्या वर आहे.

अवधानकर दादांनाही एक सांगायचं आहे. जीएव्हीजी म्हणजे ग्राहकाला जाणवणारा वेळ नव्हे. तो व्हीएमच्या बाहेर मोजला जातो. गेस्टमधली (व्हीएमच्या आतल्या विंडोजसारख्या प्रणालीतली) एलएसआय एसएएस या व्हर्च्युअल कंट्रोलरची रांग डिस्कमागे 32, पीव्हीस्कझी कंट्रोलरची मूळ 64. एसक्यूएलने एकाच व्हर्च्युअल डिस्कवर डेटा, लॉग आणि टेम्पडीबी (तात्पुरता डेटाबेस) ठेवलं की गेस्टच्या आतच रांग लागते. विंडोजच्या परफमॉनमध्ये (कामगिरी मोजणारं साधन) 40 मिलिसेकंद आणि होस्टवर जीएव्हीजी 3, असं चित्र दिसतं. तुमचा व्हीएमचा अलार्म तिथे गप्प राहील. लॉग वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या पीव्हीस्कझी कंट्रोलरवर टाका.

सातपुडा_लिनक्स (नंदुरबार)

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं आणि पुढे कायमस्वरूपी परवाने बंद झाले, तेव्हापासून छोट्या जागा प्रॉक्समॉक्सकडे (लिनक्सवर व्हीएम चालवणारी प्रणाली) वळत आहेत. तिथे काय बघायचं ते थोडक्यात सांगतो.

आयओस्टॅट -एक्स 2 (डिस्कचे आकडे दर 2 सेकंदांनी दाखवणारी कमांड) चालवा. पहिला अहवाल सोडून द्या, तो मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो. आर_अवेट आणि डब्ल्यू_अवेट (वाचनाचा आणि लिखाणाचा सरासरी वेळ) वेगळे बघा. फक्त लिखाणाचा आकडा चढला असेल तर भुसावळच्या दादांनी सांगितलेली बॅटरीच आधी तपासा. एक्यूयू-एसझेड ही सरासरी रांग. शेवटच्या रकान्यातल्या यूटिल टक्केवारीवर मात्र विसंबू नका. एकाच वेळी अनेक कामं उचलणाऱ्या एसएसडी किंवा रेडवर 100 टक्के म्हणजे "सतत काहीतरी चालू होतं", क्षमता संपली असं नव्हे. याच आकड्यावरून चांगल्या एसएसडी बदलायला सांगतात, हे थांबलं पाहिजे.

अवधानकर (धुळे)

अमळनेरच्या ताईंचा गेस्टच्या रांगेचा मुद्दा मान्य, माझा एकच अलार्म अपुरा आहे. तरीही "रोज" या शब्दाला माझा विरोध कायम आहे. सरासरी रोज लिहूनही सरासरीच राहते. खरं चित्र हवं असेल तर तक्रार येते त्याच वेळी व्हीस्कझीस्टॅट्स (ईएसएक्सआयचं व्हीएमची लेटन्सी मोजणारं साधन) लावा. '-एल'ने व्हीएमची यादी, '-एस -डब्ल्यू' आणि वर्ल्ड आयडी (व्हीएमचा क्रमांक) देऊन सुरू, '-पी लेटन्सी'ने वाटणी बघायची. किती कमांड 1 मिलिसेकंदात संपल्या, किती 100 च्या वर गेल्या, हे वेगवेगळ्या कप्प्यांत दिसतं. अर्ध्या तासाने ते आपणहून थांबतं, त्यामुळे विसरून राहण्याची भीती नाही. एवढं केलं की वर्षभराच्या वह्या लागत नाहीत.

तापीकाठ (जळगाव)

तक्रारीच्या दिवशी मोजलेला आकडा चांगला की वाईट, हे चांगल्या दिवसाचा आकडा हाताशी असल्याशिवाय कसं ठरवणार? डीएव्हीजी 9 आला. याच कार्डावर एरवी 2 असतो की 8, यावरच सगळं अवलंबून आहे. म्हणून नोंद हवी, आणि ती माणसाने बसून करायची नाही.

ईएसएक्सटॉप -बी -डी 10 -एन 360 म्हणजे दर 10 सेकंदांनी एक नमुना, बरोबर एक तास. सकाळी काउंटर उघडतं तेव्हा एकदा आणि डे-एंडला एकदा. आउटपुट जीझिपमधून (फाइल आकसवून) पाठवा आणि डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क असतात ती जागा) ठेवा, टीएमपी फोल्डरमध्ये नको. ती जागा मेमरीतली आणि छोटी असते, भरली की होस्टच अडखळतो. ती सीएसव्ही विंडोजच्या परफमॉनमध्ये उघडते, फक्त आधी अडॅप्टर आणि डिव्हाइस सोडून बाकी काउंटर गाळा, नाहीतर फाइल लोड होता होत नाही. जिनिंगवाल्यांनी दिवाळीनंतरच्या कापसाच्या हंगामात आठवडाभर आणि पतसंस्थांनी मार्चअखेरच्या आठवड्यात रोज घ्यावी. एरवी महिन्यातून चार दिवस पुरेत. "रोज" हा शब्द तेवढा मी मागे घेतो.

अलार्म मी तीनच ठेवीन. केएव्हीजी सलग 5 मिनिटं 2 च्या वर. कमांड अबॉर्ट (रद्द झालेली कमांड) एकही, कारण गेस्टने वाट पाहणं सोडून दिलं तेव्हाच अबॉर्ट येतो. आणि व्हीएमकर्नल लॉगमध्ये "परफॉर्मन्स हॅज डिटेरिओरेटेड" ही ओळ, जिच्यात ईएसएक्सआय स्वतःच आधीची सरासरी आणि आताची लेटन्सी मायक्रोसेकंदांत लिहितो. डीएव्हीजीवर अलार्म नाही, धुळेकरांनी दाखवलेल्या बॅकअपच्या कारणासाठी.

दीपनगर_वाट (भुसावळ)

चौथा जोडा भाऊ: कॅश 'डब्ल्यूटी' झाली की मेल. तुमचे तीनही अलार्म बॅटरी गेल्यावर गप्प राहू शकतात. लिखाण 1 वरून 18 वर गेलं तरी तो वेळ डीएव्हीजीत मोजला जातो, केएव्हीजीत नाही.

तापीकाठ (जळगाव)

बरोबर आहे. चौथा धरला.