मारुती 800 मध्ये मोठं इंजिन बसवलंय, चालूच होत नाही. मदत हवी आहे

कळवेकर: सेल्फ फिरतोय, पण इंजिन घेत नाही. मेकॅनिक बॅटरी म्हणाला, नवी घातली तरी तेच. रविवारी गाडी हवीय. ठाण्यात चांगला वायरिंगवाला कोण?

वाशीवाला: मोठं म्हणजे कुठलं? इंजिनात पेट्रोल कार्बोरेटरने जातं की इंजेक्शनने? गाडी कुठल्या सालची?

कळवेकर: गाडी 1998ची, कार्बोरेटरवाली. इंजिन ऑल्टो के-10चं, कुर्ल्याहून आणलं. गिअरबॉक्स, वायरिंग, मीटर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं सोबत घेतलंय.

जोशीकाका_नौपाडा: आधी कागद बघा. आरसीवर 796 सीसी आणि आत 998? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. आरटीओच्या मंजुरीशिवाय असा बदल चालत नाही.

कळवेकर: काका, कागदांचं नंतर बघतो. आधी चालू तर होऊ दे.

जोशीकाका_नौपाडा: नंतर नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल.

घोडबंदर_राजा: जुन्या झेनचं कार्बोरेटर इंजिन घ्यायचं होतं. 993 सीसी, ईसीएमची कटकटच नाही. माझी आठशे त्यावर गायमुखचा चढ तिसऱ्यात आरामात चढते.

वाशीवाला: राजाभाऊ, त्यांनी इंजिन घेऊन झालंय. कळवेकर, पेट्रोलचा पंप कुठला? जुना पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो, त्याला इंजेक्शनपुरतं प्रेशर येत नाही. टाकीत इलेक्ट्रिक पंप लागतो. आणि मीटरवर चावीचा दिवा लुकलुकतोय का?

कळवेकर: पंप टाकीत नवा टाकलाय, पेट्रोल येतंय. दिवा लुकलुकतोय. चावी आठशेचीच.

वाशीवाला: मग तिथेच अडलंय. के-10च्या चावीत चिप असते, लॉकभोवतीची रिंग ती वाचते. चिप जुळली नाही तर ईसीएम इंजिन चालू होऊ देत नाही. ज्या गाडीचा ईसीएम, त्याच गाडीची चावी आणि रिंग मागा. लॉक बदलायची गरज नाही, चिप रिंगजवळ पक्की बसवली तरी भागतं.

ऐरोली_ड्रायव्हर: ब्रेकचं काय केलंत? 12 इंची चाकं आणि ते ब्रेक कमी ताकदीच्या इंजिनासाठी दिलेत. पाम बीच रोडवर पळवायच्या आधी हे बघा.

कळवेकर: भंगारवाला चावी शोधतो म्हणालाय. बाकी सगळ्यांचं वाचलं.

दिवा_शटल: जुनं इंजिन विकणार का? माझ्या आठशेला हवंय.

जोशीकाका_नौपाडा: कळवेकर, मंजुरी हातात येईपर्यंत अजिबात विकू नका. आरसीवर नंबर त्याच इंजिनाचा आहे.