रेंजवर बसलेला स्विंग कोर्सवर टिकत नाही : सरावाचा तास कसा आखावा?

नमस्कार. मी तीन वर्षांपासून गोल्फ खेळते आणि माझा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितके चांगले) वर्षभर २४ च्या आसपासच अडकला आहे. आठवड्यातून दोनदा रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, जाऊन तासाभरात शंभर चेंडू मारते, त्यांतले बरेचसे सात नंबरच्या आयर्न या क्लबने (काठीने), आणि शेवटचे वीसेक चेंडू इतके सरळ जातात की स्विंग आता बसला अशी माझी खात्री होते. त्याच आठवड्यात कोर्सवर मात्र पहिल्या टीवरूनच (होलच्या सुरुवातीच्या जागेवरूनच) चेंडू उजवीकडे वळतो.

एकाच क्लबने एकाच दिशेला मारत राहिल्यावर आधीच्या फटक्यातली चूक पुढच्या फटक्यात लगेच सुधारता येते, पण कोर्सवर लांब फटक्याच्या ड्रायव्हरनंतर आयर्न, मग जवळच्या फटक्याची वेज, मग पटर असा क्लबचा क्रम असतो आणि प्रत्येक फटक्याला एकच संधी मिळते. शिया आणि मॉर्गन या संशोधकांच्या १९७९ च्या प्रयोगात हाताच्या हालचालींचा सराव क्रम बदलत करणारे लोक सरावाच्या वेळी मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत ते सरस ठरले. तो प्रयोग गोल्फचा नव्हता, तरी माझी अडचण तीच असावी असे मला वाटते.

रेंजवरची चटईही फसवते. क्लब चेंडूच्या थोडा मागे टेकला तरी चटईवरून घसरत पुढे जातो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो आणि चेंडू निम्म्या अंतरावर पडतो. गेल्या आठवड्यात चेंडूच्या वीतभर मागे घडी केलेला टॉवेल ठेवून पाहिले, तर दहापैकी चार वेळा क्लब टॉवेलला लागला. इतके दिवस हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

पटिंगकडे, म्हणजे पटरने चेंडू हलकेच होलमध्ये ढकलण्याकडे, तर मी फारच दुर्लक्ष केले आहे. पार ७२ च्या (एकूण ७२ फटके अपेक्षित असलेल्या) अठरा होलच्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन, म्हणजे एकूण ३६ पट (पटरचे फटके) गृहीत धरलेले असतात. मला चाळीसच्या वर लागतात, आणि तरीही सरावात मी पटरला जेमतेम पाच मिनिटे देते.

आता चेंडू पन्नासवर आणून, प्रत्येक फटक्याआधी मागे जाऊन लक्ष्य ठरवायचे, क्लब बदलायचा आणि अर्धा वेळ चिपिंग (होलजवळचे छोटे फटके) व पटिंगला द्यायचा, असा विचार आहे. पण ग्रिप (क्लब धरण्याची पद्धत) नुकतीच बदलली असल्यामुळे ती अंगवळणी पडेपर्यंत एकाच क्लबने सलग मारणे योग्य, की आतापासूनच क्लब बदलत राहावे? एकत्र करायचे झाल्यास कोणत्या प्रमाणात? तसेच तीन ते सहा फुटांच्या पटचा सराव करताना किती पैकी किती पडले याची नोंद ठेवणे पुरेसे आहे, की चेंडू कोणत्या बाजूने चुकला हेही लिहावे? ज्यांनी स्वतः असा बदल केला आहे, त्यांनी आपला एक तास कसा विभागला होता आणि कोर्सवर फरक दिसायला किती आठवडे लागले, हे कृपया सविस्तर सांगावे.