माझदाची रोटरी: कंपनीची ओळख की गळ्यातलं लोढणं?

गिअरबदल (धागालेखक)

माझदाचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी रोटरी इंजिनावर येते, म्हणजे वर-खाली होणाऱ्या पिस्टनऐवजी तिकोनी रोटर गरगर फिरणाऱ्या इंजिनावर. हिरोशिमाची कंपनी, जगाने टाकून दिलेलं इंजिन एकटीने चालवून दाखवलं, १९९१ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. ही आरती सगळ्यांना पाठ आहे. परवा दुसऱ्या एका धाग्यावर "रोटरी नसती तर माझदा उरलीच नसती" असं कुणीतरी ठासून लिहिलं होतं, म्हणून हा वेगळा धागा.

माझं मत नेमकं उलटं आहे. १९२० मध्ये ही कंपनी कॉर्कचा माल बनवायला निघाली. १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाड्या करू लागली. ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला तेव्हा फुचूमधला कारखाना हिजियामा टेकडीच्या आडोशामुळे बराचसा वाचला आणि त्याच डिसेंबरात तीनचाक्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. १९६० ची आर३६० कूपे, तीही पिस्टनवाली. म्हणजे तगून राहण्याची चिवट सवय रोटरीच्या आधीचीच आहे. रोटरीने नाव दिलं, घर मात्र पिस्टनने चालवलं. आणि एकदा तर रोटरीपायी घरावर टाच यायची वेळ आली. होऊ दे चर्चा.

हिजियामा

सोयीस्कर जागी थांबलात. १९६० च्या पुढचंच वर्ष महत्त्वाचं. जपानी व्यापार-उद्योग मंत्रालयाच्या डोक्यात तेव्हा मोटार कंपन्यांची गर्दी कमी करून मोजके मोठे गट करायचं घाटत होतं. छोट्या कंपन्यांनी कुणाच्या तरी पदरात पडायचं, असा एकूण रंग. दुसऱ्या कुणाकडे नाही असं काही आपल्या हातात हवं, हे माझदाचे तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदांनी ओळखलं आणि १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी वांकेल (म्हणजेच रोटरी) इंजिनाचा करार केला. ही हौस नव्हती, जीव वाचवायची खटपट होती.

परवाना मिळाला, पण इंजिन धड चालेना. रोटरच्या तीन टोकांना अ‍ॅपेक्स सीलच्या पट्ट्या असतात, त्या हाउसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) आतल्या भिंतीवर घासत फिरतात. ठराविक वेगाला पट्टी थरथरायची आणि भिंतीच्या क्रोमवर ओळीने आडवे चरे पडायचे. कारखान्यात त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो यांच्या ४७ जणांच्या चमूने पट्टीच्या टोकाजवळ आरपार भोकं पाडून तिची कंपनसंख्याच बदलली, तेव्हा चरे थांबले. विक्रीच्या गाडीत मग कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या पट्ट्या बसवल्या. मे १९६७ मध्ये माझदाची पहिली रोटरी गाडी कॉस्मो स्पोर्ट आली: ४९१ सीसीचे दोन रोटर, ११० अश्वशक्ती.

त्याच वर्षी खुद्द एनएसयूची रोटरी गाडी आरओ८० बाजारात आली आणि वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनीचं कंबरडं मोडलं. १९६९ मध्ये ती ऑडीबरोबर एक झाली. ज्यांनी परवाना विकला त्यांना जे जमलं नाही, ते हिरोशिमाने केलं.

आकडेमोड

केलं खरं, पण कॉस्मो १९७२ पर्यंत एकूण १,१७६ च विकल्या गेल्या. एवढ्यावर कारखान्याचं वीजबिलही निघत नाही.

तेलकट_चिंधी

भावना बाजूला ठेवून जरा भूमिती बघू, कारण अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो. रोटरच्या तीन बाजू, प्रत्येक बाजूला एक स्फोट, म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटरमागे एक धक्का. चार-स्ट्रोक पिस्टनला तोच धक्का दोन फेऱ्यांतून एकदा मिळतो. म्हणून ६५४ सीसीचे दोन रोटर कागदावर १३०८ सीसी दिसतात, पण हवा-पेट्रोल गिळतात २.६ लिटरच्या इंजिनाएवढं. जपानचा मोटार करसुद्धा रोटरीची सीसी दीडपट धरतो.

आता तोटा. जळणाचा कक्ष लांबट, चपटा आणि सरकता. आकारमानाच्या मानाने भिंत फार, त्यामुळे उष्णता भिंतीत जाते. ज्योत कक्षाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच विझते आणि तिथलं पेट्रोल न जळता बाहेर पडतं. एका रोटरला दोन प्लग त्यासाठीच, एक आधी पेटणारा आणि एक मागून. तरी कोपरा राहतोच. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, तो आकारच तसा आहे.

आकडेमोड

तेलकट_चिंधीच्या प्रतिसादाला जोडून १९७३ चं सांगतो, कारण ते नेहमी अर्धवट सांगितलं जातं.

अमेरिकेत धुराचे नवे कडक नियम येत होते आणि डेट्रॉइटवाले "अशक्य" म्हणून हात वर करत होते. रोटरीच्या धुरात नायट्रोजन ऑक्साइड मुळातच कमी. न जळलेलं पेट्रोल मात्र भरपूर. माझदाने एक्झॉस्टला थर्मल रिअ‍ॅक्टर लावला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूत ताजी हवा सोडून तो तिथेच जाळायचा. नियम पाळले गेले. पण रिअ‍ॅक्टर पेटता ठेवायचा तर मिश्रणात पेट्रोल जास्त सोडावं लागतं! धूर स्वच्छ करायची किंमत टाकीतून वसूल झाली. अमेरिकन सरकारी चाचणीत शहरातला आकडा लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास आला, आणि त्याच सुमारास, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं.

पुढे सुमितोमो बँकेला धावून यावं लागलं. कारखान्यातले हजारो कामगार डीलरांकडे गाड्या विकायला पाठवले गेले. १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याच्या हातून अध्यक्षपद गेलं, १९७९ मध्ये फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला. सावरलं कुणी? साध्या पिस्टनच्या फॅमिलियाने. १९८० ची पुढच्या चाकांना ताकद देणारी फॅमिलिया जपानच्या पहिल्याच 'कार ऑफ द इयर'ची मानकरी ठरली.

हिजियामा

बरं, मग दुसरं संकट कुणाच्या माथी मारणार? १९८९ पासून माझदाने जपानात विक्रीच्या पाच साखळ्या उभ्या केल्या: माझदा, युनोस, एफिनी, ऑटोझॅम आणि फोर्डसाठी ऑटोरामा. तीच गाडी, वेगळं नाक, वेगळं नाव. गिऱ्हाईक गोंधळलं, बाजाराचा फुगा फुटला आणि १९९६ मध्ये फोर्ड ३३.४ टक्क्यांवर जाऊन हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. त्यात रोटरीचा काडीचा संबंध नव्हता. ती सगळी व्यवस्थापनाची कर्तबगारी.

लालपरी

तुमचं हिरोशिमा चालू दे. आपल्याकडे 'माझदा' म्हटलं की शाळेची मिनीबस आठवते. ऐंशीच्या दशकात जपानी तंत्राच्या चार छोट्या ट्रक कंपन्या आल्या: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, आयशर मित्सुबिशी आणि पंजाबची स्वराज माझदा. नाव २०११ मध्ये एसएमएल इसुझू झालं तरी लोक अजून 'स्वराज माझदा आली' म्हणतात. रोटरी नाही, स्पोर्ट्स नाही, डिझेलचा खडखडाट. प्रतिष्ठा म्हणाल तर ही घ्या!

(अवांतर संपलं, चालू द्या.)

सुसाट

आणि ल माँ? तिथे जिंकलेली माझदाची ७८७बी इतकी जबरदस्त निघाली की दुसऱ्याच वर्षी रोटरीवर बंदी घातली. घाबरले सगळे. याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं?

गिअरबदल

सुसाट, हे व्हिडिओंमधलं पुराण आहे. ३.५ लिटर पिस्टन इंजिनांचा नियम १९९१ च्या शर्यतीआधीच ठरला होता. माझदाचा विजय हा जुन्या इंजिनांना मिळालेल्या मुदतीतला शेवटचा डाव. शिवाय माझदाला वजन ८३० किलोच ठेवायची सूट होती, जग्वार आणि मर्सिडीज १००० किलोवर पळत होत्या. आघाडीची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत इंजिन तापून थांबली, तेव्हा माझदाची ५५ नंबरची गाडी पुढे गेली.

हिजियामा

सूट मागून मिळवली, चोरून नाही. इतरांना वाटलं होतं ही गाडी धोक्याची नाही, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. आणि त्या गाडीच्या गटात शर्यतीभरासाठी इंधन मोजून मिळायचं. जिला सगळे पेट्रोलपिणी म्हणून हिणवतात ती चार रोटरची गाडी त्याच मापात ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. मागे दोन, तीन, चार नंबरला जग्वार. पुढच्या जपानी विजेत्यासाठी २०१८ च्या टोयोटापर्यंत थांबावं लागलं.

मेलबर्नकर

शर्यतीवर प्रतिष्ठा ठरत नाही, जुन्या गाड्यांच्या बाजारात ठरते. इथे माझदाची रोटरी स्पोर्ट्स कार आरएक्स-८ स्वस्त दिसते म्हणून पोरं उड्या मारतात आणि वर्षभरात इंजिन उघडायची वेळ येते. अमेरिकेत माझदाला २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. हे कंपनीने स्वतःच दिलेलं प्रमाणपत्र नाही का?

तेलकट_चिंधी

आहे. पण त्यातली निम्मी इंजिनं कॉइलने मारली. क्रम असा: प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल दमते, प्लग चुकतो, कच्चं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिकमध्ये जळतं, तो वितळून तुंबतो, एक्झॉस्टची उष्णता मागे साचते, सील जातात. मालक म्हणतो रोटरी वाईट.

घेणाऱ्याने हे पाहावं:

गरम इंजिनावर कॉम्प्रेशन (कक्षात हवा किती दाबली जाते ते), तेही रोटरीच्या खास टेस्टरने. साधा पिस्टनचा गेज तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगला आकडा दाखवून मोकळा होतो, मेलेली बाजू लपून राहते. २५० आरपीएमला आणलेला आकडा किमान ६८० केपीए हवा, चांगल्या इंजिनाचा ८३० च्या आसपास. एकाच रोटरच्या बाजूंत १५० हून जास्त आणि दोन रोटरांत १०० हून जास्त फरक नको. विकणारा 'कॉम्प्रेशन ओके' म्हणाला तर सहाही आकडे मागायचे.

टेस्टर नसेल तर गाडी वीस मिनिटं पळवा, बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा मारा. गरम इंजिन बराच वेळ घरघरून लागलं तर नमस्कार करून निघा.

घेतल्यावर: तेल दर दुसऱ्या टाकीला तपासायचं. हे इंजिन सील ओले ठेवायला तेल मुद्दाम जाळतं, पंपाने मोजून आत सोडतं. सुरुवातीच्या गाड्यांत एका रोटरला दोन तेल-नोझल होते, पुढच्या आवृत्तीत तिसरा घातला. तो का घातला हे ज्याने त्याने समजून घ्यावं. खालचे आणि वरचे प्लग वेगळे असतात, अदलाबदल करू नये. आणि थंड इंजिन सुरू करून गाडी दोन फूट सरकवून लगेच बंद करू नये, पेट्रोलने भिजतं. भिजलंच तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात. तरी नाही लागलं तर इंधन पंपाचा फ्यूज काढून आणि प्लग बाहेर काढून आतलं उडवून टाका.

गिअरबदल

एवढी पोथी वाचून गाडी चालवावी लागते, यातच माझा मुद्दा आला. एमएक्स-५ बघा. १९८९ पासून, साधं चार सिलिंडरचं इंजिन, २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी निघाली. जगातली सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार. तिला कुणी कॉम्प्रेशनचे सहा आकडे विचारत नाही.

मेलबर्नकर

पिस्टनची माझदा म्हणजे डोळे झाकून घ्या, असंही नाही हं. २.२ लिटर स्कायअ‍ॅक्टिव्ह डिझेल घेणाऱ्याने आधी तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढावी. तिच्यावर 'पूर्ण'च्या वर एक फुलीची खूण असते. डीपीएफमधली (धुराच्या गाळणीतली) काजळी जाळायला इंजिन उशिरा जादा डिझेल फवारतं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात उतरतं. सगळा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असेल तर जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा पुन्हा होतं आणि तेलाची पातळी वाढत जाते. पातळी फुलीला टेकली की तेल बदलायचं, किलोमीटर किती झाले ते बघायचं नाही. पेट्रोलवाली सीएक्स-५ घ्या, ही कटकट नाही.

हिजियामा

मग २०१२ ला बंद पडलेली रोटरी २०२३ मध्ये परत का आणली? विजेवर चालणाऱ्या एमएक्स-३० मध्ये ८३० सीसीचा एकच रोटर आहे, ७५ अश्वशक्तीचा. सील २ वरून अडीच मिलिमीटर जाड केले, बाजूच्या भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या केल्या. लोढणं कुणी अकरा वर्षांनी पुन्हा गळ्यात बांधून घेत नाही.

तेलकट_चिंधी

चाकाला जोडलेलीच नाही ती. १७.८ किलोवॉट-तासाच्या बॅटरीसाठी जनित्र फिरवते, बस्स. त्या कामाला मात्र रोटरी शोभते: आकाराने लहान, थरथर नाही आणि सिग्नलला थांब-पळ करत बसायचं नाही. मागचा कोपरा तिथेही न जळलेलाच राहणार.

हिजियामा

राहू दे. यामामोतोंच्या वेळेला तर भिंतही राहत नव्हती.

गिअरबदल

आधी ती विकली किती जाते ते कळू दे, मग बोलू.