'सॅटिन स्टिच'ला मराठीत काय म्हणायचं?

दादरची शिकाऊ: दर शनिवारी एका काकूंकडे भरतकाम शिकायला जाते. परवा पान भरायला शिकवलं: एका कडेतून सुई वर, समोरच्या कडेत खाली, आणि टाके एकमेकांना चिकटून. काकू त्याला 'सॅटिन' म्हणतात. आईच्या तोंडी 'भरीव टाका' आहे. बरोबर शब्द कोणता? आणि टाका घालायचा, काढायचा की भरायचा?

गिरगावकर: आई चूक नाही, पण 'भरीव टाका' फार मोघम. लांब-आखूड टाक्यानेही आकार भरतो, मग तोही भरीवच की! 'साटण टाका' म्हणा. सॅटिन कापडाला मराठीत साटण हा शब्द आहेच, आणि टाक्याचं नावही त्या कापडावरूनच पडलंय. साटणीच्या विणीत धागा बराच लांब मोकळा पृष्ठभागावर राहतो, त्यामुळे चमक येते. इथेही तेच. म्हणून दोऱ्याला पीळ पडू द्यायचा नाही, नाहीतर चमक गेली.

पार्लेकरीण: क्रियापदांबद्दल थोडं. टाका 'घालतात', आकार 'भरतात', वेलबुट्टी 'काढतात'. कशिदाही काढतातच, आणि गंमत म्हणजे 'कशिदा'च्या मुळाशी असलेल्या फारसी 'कशीदन'चा अर्थ ओढणे, रेखणे असाच आहे. तेव्हा 'साटण टाका घालून पान भरलं' हे वाक्य बिनचूक. 'टाका काढला' म्हणालीस तर डॉक्टरांकडे जाऊन आलीस असं वाटेल. (सोनाराचा टाका वेगळा. 'टाका भिडणे' त्यावरून आलं असावं, असा आपला माझा अंदाज.)

गिरगावकर: 'उसवला' म्हणा, डॉक्टरांचा प्रश्नच नको.

पार्लेकरीण: ते मान्य. आता विषय निघालाच आहे तर, ताई, सहापदरी दोऱ्यातले एक-दोनच पदर घे. आधी पानाच्या कडेवर उलटी टीप घाल आणि साटण त्या टिपेच्या बाहेरून घे, म्हणजे कड दातेरी दिसत नाही. सुरुवात देठाकडून करू नकोस. मधोमध एक तिरका टाका घालून आधी टोकाकडे भरत जा, मग परत मध्यावर येऊन देठाकडे. तिरकेपणा टिकतो. पान सेंटिमीटरभरापेक्षा रुंद असेल तर साटणीचा हट्ट सोड. लांब टाके सैल पडतात आणि बांगडीत अडकतात. तिथे लांब-आखूडच.

दादरची शिकाऊ: देठाकडूनच सुरू केलं होतं! टोकापर्यंत जाईस्तोवर टाके आडवे झालेत, कापडही रिंगेत आवळून घेतलं नव्हतं, सगळं चुणलंय. काकूंना फोटो पाठवून ऐटीत लिहिलं, 'साटण टाक्याने पान भरलं.' त्यांचं उत्तर आलं, 'नाव छान आहे. आता उसव.'